दोन घरचा पाहुणा

चाकाच्या पाच नटांपैकी एक नट चोरासाठी राखलेला असतो. त्याला साधा पाना लागत नाही. अंगठ्याएवढं एक खास सॉकेट लागतं. ते कुठे आहे हे चोराला कळू नये, अशी मूळ योजना. प्रत्यक्षात ते मालकालाही कळत नाही. रोड आणि ट्रॅक अशा अनेक दिवसांच्या स्पर्धेची तयारी मी या सॉकेटच्या शोधापासूनच धरतो, कारण चाकच निघालं नाही तर पुढची सगळी मनोराज्यं.

ही स्पर्धा म्हणजे सकाळी ट्रॅकवर घड्याळाशी झुंजायचं, दुपारी डिकी भरायची, आणि त्याच गाडीने, त्याच टायरवर, रात्रभर हाकत पुढचा ट्रॅक गाठायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं आठवडाभर. अमेरिकेत ब्रॉक येट्स यांनी १९८४ मध्ये सुरू केलेली ‘वन लॅप ऑफ अमेरिका’ आज याच धाटणीने चालते. मागून सुट्या भागांचा ट्रक नाही, मेकॅनिकांची फौज नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर.

भानगड अशी, की ट्रॅकला जी गाडी आवडते ती रस्त्याला चालत नाही. ट्रॅकला गाडी कडक हवी, हलकी हवी, जमिनीला चिकटलेली हवी. रस्त्याला खड्डे आहेत, गतिरोधक आहेत आणि शेजारच्या सीटवर कंबर असलेला माणूस आहे. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं या गाडीचं होतं. तयारी म्हणजे या पाहुण्याला निदान एका घरी तरी पोटभर मिळेल, याची खटपट.

टायरपासून बघू. बहुतेक स्पर्धांत अख्ख्या आठवड्याला एकच संच मिळतो. त्यामुळे गोंदासारखी पकड देणारं मऊ रबर घेतलं, तर चौथ्या दिवशी टायरवर नक्षी शोधावी लागते, आणि नेमका त्याच दिवशी पाऊस येतो. टायरच्या भिंतीवर ट्रेडवेअरचा, म्हणजे रबर किती टिकेल याचा, आकडा असतो. २०० च्या आसपासचा टायर हौशी माणसाला पुरतो. त्याच्या खाली गेलात तर पकडीबरोबर पुढच्या दिवसांची काळजीही विकत घेताय. मग चाकाची ठेवण. वळणावर गाडी कलते, बाहेरची चाकं कडेवर उभी राहतात, म्हणून वरची बाजू आधीच आत झुकवून ठेवायची. हा कॅम्बर. उणे दोन-अडीच अंशांवर ट्रॅक खूश होतो. महामार्गावर हाच कॅम्बर टायरची आतली कड खातो, असा त्याच्यावर आळ घेतात, पण खरा खादाड बहुतेक वेळा टो असतो. चाकं एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून तोंड फिरवून धावत असली, की रबर किसणीवर धरल्यासारखं जातं. म्हणून कॅम्बर बदलला की टो पुन्हा मोजायचाच. ‘कॅम्बरच तर हलवलाय’ म्हणून जो तसाच निघतो, त्याला शेकडो किलोमीटरवर टायरच्या आतल्या तारा दर्शन देतात.

हवेचं गणित तर रोज दोनदा मांडावं लागतं. थंड टायरमध्ये २९ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरले, तर ट्रॅकवर दोन-तीन फेऱ्यांत ते ३५-३६ होतात. आपल्याला हवा तो हाच गरम आकडा. गरम टायरमध्ये ४० दिसले म्हणून घाबरून ३३ पर्यंत हवा सोडली, की संध्याकाळी टायर निवल्यावर २६-२७ उरतात, आणि सामानासकट दोन माणसं घेऊन गाडी म्हशीसारखी डोलत महामार्गाला लागते. त्यामुळे बारा व्होल्टचा पंप आणि हवा मोजायचा स्वतःचा गेज जवळ हवा. गेज चुकीचा असला तरी चालेल, पण एकच असावा. दोन गेज बाळगणाऱ्याला आपल्या टायरमध्ये हवा किती आहे हे कधीच कळत नाही. टायरच्या खांद्यावर खडूची एक आडवी रेघ मारून ट्रॅकवर जावं. रेघ बाजूच्या भिंतीपर्यंत पुसली गेली तर हवा कमी आहे. खांद्यावर पोचायच्या आत पुसणं थांबलं तर जास्त. एवढं स्वस्त आणि खरं बोलणारं उपकरण दुसरं नाही.

आता ब्रेक. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण इंजिन रुसलं तर माणूस हरतो, पण ब्रेक रुसले तर पुढच्या भिंतीची ओळख होते.

ब्रेक ऑइलला ऑइल म्हणतात खरं, पण साधारणतः ते ग्लायकॉलच्या कुळातलं रसायन असतं आणि हवेतलं पाणी ओढून घ्यायची त्याला खोड असते. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलची एक प्रत) किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये, अशी अट असते. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरलं की हीच अट १५५ वर उतरते. ट्रॅकवर चाकाबरोबर फिरणारी डिस्क काही शे अंशांपर्यंत तापते, ती उष्णता तिला दाबून धरणाऱ्या पॅडमधून, पिस्टनमधून ऑइलपर्यंत पोचते, ऑइल उकळतं, वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र छान दाबली जाते. पाय थेट तळाला. सगळ्यांत संतापजनक गोष्ट अशी, की गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, आणून थंड झाली की पेडल पुन्हा घट्ट. जसं काही झालंच नाही. मेकॅनिकला दाखवायला जावं तर आपणच खोटे पडतो.

म्हणून ऑइल बदलायचं, आणि ३०० अंशांपुढे उकळणारं रेसिंगचं घालायचं. एक लिटर लागतं. अर्ध्या लिटरची आणखी एक बाटली सीलबंद बरोबर ठेवायची, कारण उघडलेली बाटली हवेतलं पाणी पीतच राहते. जुनं ऑइल आणि त्यातली हवा बाहेर काढायचं काम दोघांचं. एक जण पेडलवर, दुसरा चाकापाशी पारदर्शक नळी आणि बाटली घेऊन.

“दाब.”

“दाबला.”

“धर.”

“अरे, धरलाय.”

इथे चाकाच्या ब्रेकवरचा, ऑइल बाहेर सोडणारा स्क्रू पाव फेरा सैल करायचा. नळीतून चहाच्या रंगाचं ऑइल बुडबुड्यांसकट येतं. पेडल खाली जाऊ लागतं. स्क्रू पुन्हा आवळायचा, आणि मगच म्हणायचं, “सोड.” हा क्रम चुकला, की निघालेली हवा आल्या वाटेने परत आत. बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारं नळकांडं) सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. तरी गाडीचं पुस्तक उघडून बघावं, काहींचा क्रम उलटा असतो. गाडी जुनी असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. रोज पेडल अर्ध्यापर्यंतच जातं. पुढचा भाग आत गंजलेला असू शकतो, आणि पेडल तळाला नेलं की मास्टर सिलिंडरचं रबर त्या गंजावरून घासून फाटतं. आणि ब्रेक ऑइलच्या वरच्या टाकीवर डोळा! तीन चाकं झाली, गप्पा रंगल्या, टाकी रिकामी झाली, की हवा वरूनच शिरते आणि ‘दाब, धर’ पहिल्या चाकापासून. मैत्रीची खरी परीक्षा दुसऱ्या खेपेला होते.

सांडलेलं ऑइल रंग खातं. लगेच पाण्याने धुवायचं.

पॅडही बदलावे लागतात. ट्रॅकचे पॅड गरम झाले की जीव लावून धरतात, पण थंड असताना पहाटेच्या पहिल्या सिग्नलला ते अजून झोपेत असतात आणि जागे झाले की किंचाळतात. नवे पॅड बसवल्यावर रिकाम्या सुरक्षित जागी ताशी ७०-८० वरून ताशी २० पर्यंत आठ-दहा वेळा ठामपणे वेग उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही, मग दहा मिनिटं ब्रेकला शक्यतो न शिवता गाडी नुसती चालवत ठेवायची. ट्रॅकवरून आत आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेला पॅड तापलेल्या डिस्कला एका जागी दाबून बसला की तिथे शिक्का उमटतो आणि पुढचा आठवडाभर पेडल थरथरतं. गाडी गिअरमध्ये टाकायची, चाकाला ठोकळा लावायचा. वर्षानुवर्षांची सवय मात्र बलवत्तर. ‘हँडब्रेक नको’ अशी चिठ्ठी डॅशबोर्डवर चिकटवतात, आणि ती वाचता वाचता डावा-उजवा जो मोकळा असेल तो हात हँडब्रेक ओढतो.

पेट्रोलचं थोडक्यात सांगतो. ट्रॅकवर गाडी रस्त्याच्या दुप्पट-तिप्पट पिते. भरलेली टाकी जड, म्हणजे चाळीस लिटरचे तीस किलो. पाव टाकीवर गेलं की लांब वळणात पेट्रोल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि इंजिन उचकी देतं. अर्ध्याच्या आसपास ठेवून जावं. इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत, रोज दांडी काढून बघायचं, दोन लिटर बरोबर.

या सगळ्याला जागा? जॅक, जॅकखाली ठेवायची फळी, टॉर्क रेंच (नट ठरावीक जोराने आवळला की क्लिक करणारा पाना), फ्यूज, तार, केबल टाय, जोडीचे पॅड, डोक्याला बांधायचा दिवा, ताडपत्री, दोन हेल्मेटं, दोन माणसांचे कपडे. हे सगळं प्रत्येक ट्रॅकवर बाहेर काढायचं, कारण सुटी पाण्याची बाटली पेडलखाली गेली तर मघाचं सगळं ब्रेकपुराण वाया. मग आठवडाभर प्रत्येक पिटमध्ये ताडपत्रीखाली आपलं बिऱ्हाड, घरमालकाने बाहेर फेकल्यासारखं. १९११ च्या पहिल्या माँटे कार्लो रॅलीत गाडीचा डौल आणि प्रवाशांची सोय यांनाही गुण होते. ती पद्धत आज असती तर आमच्यासारख्यांचा निकाल वाहनतळावरच लागला असता.

काही स्पर्धांत रस्त्याचाही टप्पा मोजतात. तिथे वेग नव्हे, वेळ पाळायची. लवकर पोचलात तरी दंड. ताशी ४८ ची सरासरी दिली असेल तर मिनिटाला ८०० मीटर. ३६ किलोमीटरला बरोबर ४५ मिनिटं. सोपं वाटतं. पण गाडीचा मीटर दोन टक्के चुकत असला, तर या ३६ मध्ये ७२० मीटरची गफलत, म्हणजे ५४ सेकंदं. म्हणून आधी ठाऊक अंतरावर मीटर तपासून गुणक काढायचा. टायर चार मिलिमीटर झिजले की चाक लहान होतं आणि तो गुणकही साधारण टक्क्याने सरकतो. हे गणित शेजारचा माणूस करतो, रात्री, डोक्याच्या दिव्यात, रोडबुकातल्या (वाटेच्या वहीतल्या) ट्यूलिप आकृत्यांवर, म्हणजे कुठे वळायचं ते दाखवणाऱ्या बाणांच्या चित्रांवर, बोट ठेवून. ज्याला गाडीत वाचलं की मळमळतं अशा मित्राला केवळ स्वभाव चांगला म्हणून घेऊ नये.

स्क्रूटिनीला, म्हणजे स्पर्धेआधीच्या तपासणीला, हेल्मेटवरचा स्नेलचा (हेल्मेटं तपासणारी संस्था) शिक्का बघतात. ‘एम’ मोटरसायकलचं, ‘एसए’ गाडीचं. एसएच्या अस्तराची आगीची चाचणी झालेली असते. शिक्क्यातलं सालही बघतात. बॅटरी हलवून बघतात, अग्निशामक धातूच्या पट्टीने बोल्टवर कसलेला आहे का बघतात. गाडीवर लावायचे स्पर्धेचे नंबर चुंबकाचे आणले असतील तर बॉनेट अॅल्युमिनियमचं नाही ना, हे घरीच बघा. आणि चिकटत असले तरी कडांना चिकटपट्टी लावा. नाहीतर पहिल्या सरळ पट्ट्यात तुमचा नंबर तुमच्या आधी पोचतो.

शेवटी नट. कंपनीने सांगितलेला टॉर्क, ताऱ्यासारखा समोरासमोरचा क्रम, क्लिक एकदाच. चाक बसवल्यावर ऐंशी-शंभर किलोमीटरवर पुन्हा तपासायचे, आणि ट्रॅकवर प्रत्येक खेपेनंतर चाक निवल्यावर. निघायच्या आदल्या रात्री सगळं भरून झालं, डिकी गुडघ्याने दाबून बंद केली, की शहाणा माणूस रेंच घेऊन एक शेवटची चक्कर मारतो. चार नट क्लिक. पाचवा चोराचा. त्याचं सॉकेट या खेपेला हरवलेलं नसतं. ते सगळ्यांत महत्त्वाचं, म्हणून सगळ्यांत आधी भरलेलं असतं. म्हणजे सगळ्यांत खाली.