ब्रॉयलर सुईने वाढत नाही, वहिनी

गेल्या रविवारी डिचोलीला दादाकडे जेवायला गेलो होतो. नऊ वर्षांची पुतणी ताटात वरण-भात चिवडत बसलेली. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तिचं हिमोग्लोबिन कमी असल्याचं सांगितलं होतं, म्हणून मी विचारलं, हिला अंडं का नाही? वहिनी म्हणाली, "अंडी बंद केली. चिकनपण. तू वाचलं नाहीस?" आणि मोबाईल माझ्या हातात दिला.

वाचलं होतं. माझ्याकडे तो मेसेज तीन ग्रुपवरून येऊन गेला होता आणि तिन्ही वेळा मी तो न बोलता पुसून टाकला होता. ती माझी चूक झाली, म्हणून आता सविस्तर लिहितो.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी पाळलेली कोंबडी, ३५-४० दिवसांत दोन किलोची होते, कारण तिला रोज हार्मोनचं इंजेक्शन देतात. तिचे जीन्स प्रयोगशाळेत बदललेले असतात. ती वांझ असते, अंडी घालू शकत नाही. तिचं मांस आणि अंडी खाल्ल्याने मुली नवव्या वर्षी वयात येतात आणि तिचे "लुळे जीन्स" मुलांच्या हाडांत उतरतात. ती अँटिबायोटिकवर जगते. म्हणून फक्त गावठी खा. सोबत सहा पायांच्या कोंबडीचा एक फोटो आणि खाली एका मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांचं नाव. फोटोबद्दल मी काही लिहिणार नाही, तो बनावट आहे हे आठवीतलं पोरही सांगेल.

हे लिहिणाऱ्याने शेडमध्ये कधी पाऊल टाकलेलं नाही, हे "रोज इंजेक्शन" या दोन शब्दांतच कळतं. आमचं घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात. १९९० च्या दशकात घरामागे बाबांची हजार पक्ष्यांची शेड होती. एक दिवसाची पिल्लं बेळगावहून खोक्यांतून यायची. खाली भाताचं तूस, वर बल्ब, खाद्य आधी स्टार्टर, मग फिनिशर. एका पक्ष्याला पकडून सुई टोचायला अर्धं मिनिट धरा. हजारांना आठ तासांहून जास्त लागतील, तेही रोज. खाद्य कोण घालणार, पाणी कोण भरणार, आणि इतकी धरपकड झाल्यावर पक्षी वाढणार की भेदरून मरणार? आमच्याकडे काय टोचायचे? आई एकेक पिल्लू हातात धरून डोळ्यात लासोटाचा, म्हणजे राणीखेत रोगाच्या लसीचा, थेंब टाकायची. पुढे पाण्यातून गंबोरो रोगाची लस. मरेक्स रोगाची लस हॅचरीतच, म्हणजे पिल्लं उबवतात तिथेच, मानेच्या कातडीखाली टोचलेली असते. लोकांनी सुई पाहिली असेल तर ती लसीची.

बरं, वाढीचं हार्मोन हे प्रथिन आहे. खाद्यातून दिलं तर ते पोटात पचून जातं, उपयोग शून्य. टोचायचं तर पुन्हा पुन्हा टोचावं लागतं. तसे प्रयोग झाले आहेत आणि ब्रॉयलरच्या वाढीत त्याने फारसा फरक पडत नाही असंच दिसलं आहे. ज्या धंद्यात किलोमागे दोन-चार रुपयांसाठी लोक रात्ररात्र जागतात, तिथे असला खर्च कोण करील?

या अफवेला एक जुनं मूळ मात्र आहे, ते मान्य करतो. अमेरिकेत १९४०-५० च्या दशकांत कोंबड्यांच्या मानेत डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल या कृत्रिम हार्मोनची गोळी बसवत असत. १९५९ मध्ये तिथे ते बंद झालं. हा काळ लक्षात ठेवा, कारण लगेच कामाला येणार आहे.

मग दोन किलो होते कशी? याचं उत्तर एका प्रयोगात इतकं स्वच्छ मिळतं की ते वाचल्यावर मेसेज पुढे ढकलणाऱ्याचा हात थांबायला हवा. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात कोंबड्यांची दोन जुनी वाणं जपून ठेवलेली होती, एक १९५७ चं आणि एक १९७८ चं. या वाणांत पुढे मांसासाठी निवड केलीच नाही, पिढ्या जशा होत्या तशाच चालू ठेवल्या. झाउडहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन वाणांची पिल्लं आणि २००५ च्या व्यापारी ब्रॉयलरची, रॉस ३०८ ची, पिल्लं एकाच वेळी वाढवली. तिन्हींना खाद्य एकच. २०१४ मध्ये तो अभ्यास 'पोल्ट्री सायन्स' या नियतकालिकात आला. ५६ व्या दिवशी १९५७ च्या पक्ष्याचं सरासरी वजन ९०५ ग्रॅम, १९७८ च्याचं १,८०८ ग्रॅम आणि २००५ च्याचं ४,२०२ ग्रॅम.

म्हणजे चौपटीहून जास्त फरक. तो सुईतून आला असता तर एकाच खाद्यावर, एकाच छपराखाली वाढलेल्या जुन्या वाणाची पिल्लं अशी मागे राहिली नसती. फरक अंड्यातूनच आलेला होता. आणि १९५७ म्हणजे मानेत हार्मोनची गोळी बसवण्याचा तोच काळ. त्या हार्मोनच्या जमान्यातलं वाण किलोभरही भरत नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात हॅवनस्टाइन या संशोधकांनी जुना-नवा पक्षी आणि जुनं-नवं खाद्य अशी अदलाबदल करून २००३ मध्ये हिशेब मांडला होता, त्यातही वाढीच्या फरकापैकी ८५ ते ९० टक्के वाटा वंशाचा निघाला, उरलेला खाद्याचा.

वंश बदलला तो निवडीने. प्रत्येक पिढीत सगळ्यांत वेगाने वाढणारे, कमी खाऊन जास्त वजन धरणारे नर-मादी ठेवायचे, बाकीचे काढायचे, मग पुन्हा तेच. कोंबडीची पिढी वर्षाच्या आत उलटते, एका जोडीची पिल्लं भरपूर, आणि वजन हा आईबापांकडून बऱ्यापैकी उतरणारा गुण आहे. अमेरिकेत १९४८ मध्ये 'उद्याची कोंबडी' नावाची देशभरची स्पर्धा झाली आणि कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हँट्रेस यांच्या कॉर्निश-न्यू हॅम्पशायर संकराने ती जिंकली. तिथून ही शर्यत सुरू झाली ती आजवर थांबलेली नाही. आपल्या खाजनातलं, म्हणजे खाडीकाठच्या शेतातलं, कोरगुट भात खाऱ्या पाण्यात तग धरतं, ते कोणी प्रयोगशाळेत बनवलं? खाऱ्या पाण्यात टिकलेली लोंबी पिढ्यान्‌पिढ्या बियाण्याला ठेवली गेली. रीत तीच. फक्त कोंबडीच्या बाबतीत ती फार वेगाने, फार मोठ्या प्रमाणावर आणि एकाच हट्टाने चालवली गेली. "प्रयोगशाळेत जीन्स बदलले" या मुद्द्याचं उत्तर यातच आलं. खाण्यासाठी बाजारात येणारा ब्रॉयलर जनुकं घुसवून बनवलेला नाही.

"वांझ असते" हे धादांत खोटं. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत कापला जातो आणि कोंबडी अंड्यावर येते साधारण सहाव्या महिन्यात. दुसरीतल्या मुलीला मूल नाही म्हणून तिला वांझ म्हणाल का? ब्रॉयलरची पिल्लं ज्या कोंबड्यांपासून येतात त्या दीडशेहून जास्त अंडी घालतात, नाहीतर एवढी पिल्लं आली कुठून?

आता ज्या ओळीमुळे माझ्या पुतणीच्या ताटातलं अंडं गेलं, त्या ओळीकडे येतो. मला राग आहे तो हिचाच.

पहिली गोष्ट, दुकानातलं अंडं ब्रॉयलरचं नसतंच. अंड्याची कोंबडी, लेयर, हा वेगळाच वंश. दीड किलोच्या आसपासचा सडपातळ पक्षी, वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देणारा. त्याची निवड अंड्यांसाठी झाली, मांसासाठी नाही. ब्रॉयलरबद्दल घाबरून अंडं बंद करणं म्हणजे बैलाने शिंग मारलं म्हणून शेळीचं दूध सोडणं.

दुसरी गोष्ट, "जीन्स हाडांत उतरतात". आपण जे जे खातो त्या प्रत्येकात जनुकं असतात. भाताच्या शितात भाताची, बांगड्यात बांगड्याची, तांबडी भाजीत तांबडी भाजीची. पोटात आणि आतड्यात त्यांचे तुकडे होतात आणि ती पचतात. माणसं हजारो वर्षं मासे खात आली, कोणाला खवले फुटले नाहीत. ब्रॉयलरचे पाय लुळे पडतात ते त्याच्या शरीराचं दुखणं आहे. ते खाणाऱ्याच्या गुडघ्यात येत नाही.

तिसरी गोष्ट, नववं वर्ष. मुलीच्या शरीरात वयात येण्याची चिन्हं आठ वर्षांच्या आधी दिसली तर डॉक्टरकडे जायला हवं, वैद्यकशास्त्र ती रेषा तिथे आखतं. नवव्या वर्षी सुरुवात होणं हे नेहमीच्या मर्यादेत बसतं. पाळीचं वय कमी होत आलं आहे हे खरं, पण युरोपात ते एकोणिसाव्या शतकापासूनच उतरत होतं, ब्रॉयलर जन्मालाही आला नव्हता तेव्हा. पोषण सुधारलं, बालपणीचे आजार कमी झाले. आजकाल मुलांचं वजन आणि चरबी वाढते, त्याचाही संबंध आहे. वहिनी, तुझी लेक हडकुळी आहे. तिला रक्त कमी आहे. भीतीपोटी तू तिच्या ताटातून घरातलं सगळ्यांत स्वस्त आणि चांगलं प्रथिन काढून घेतलंस. तुझा दोष नाही, हे जाणतो. पण ज्याने डॉक्टरचं नाव खाली चिकटवून हे पाठवलं त्याला माफ करायला माझं मन तयार नाही.

अँटिबायोटिकच्या मुद्द्यावर मात्र मेसेजला पूर्ण खोटं म्हणता येत नाही. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०१४ मध्ये दिल्ली आणि आसपासचे चिकनचे ७० नमुने तपासले, त्यांतल्या ४० टक्क्यांत अँटिबायोटिकचे अंश सापडले. माणसाच्या उपचारात अगदी शेवटी वापरायचं कोलिस्टिन केंद्र सरकारने २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी बंद केलं, म्हणजे तोवर ते वापरात होतं. औषधांना न जुमानणारे जंतू यातून वाढतात. यावर ओरडा, दुकानदाराला विचारा, सरकारला विचारा. पण हार्मोनच्या भुताखाली हा खरा धोका गाडला जातो आणि कोणी विचारत नाही.

आणखी एक गोष्ट कबूल करतो, आणि ती मला सोपी नाही. मांसासाठीच्या निवडीने पक्ष्याचे हाल केले. छातीचं मांस वाढलं त्या मानाने हृदय वाढलं नाही. फुप्फुसं-हृदय अपुरी पडून पोटात पाणी साचतं, चांगला दिसणारा पक्षी अचानक उलटा पडून मरतो. हाडं पक्की व्हायच्या आत वर वजन येतं. ब्रिटनमध्ये ५१ हजार पक्ष्यांची चाल तपासली तेव्हा ४० दिवसांच्या आसपास २७.६ टक्के पक्ष्यांची चाल बिघडलेली आणि ३.३ टक्के जवळजवळ चालूच शकत नव्हते. भूकही निवडली गेली. पुढची पिढी देणाऱ्या आई-बाप पक्ष्यांना पोटभर खाऊ दिलं तर ते इतके लठ्ठ होतात की अंडी-पिल्लं नीट येत नाहीत. म्हणून वाढीच्या वयात त्यांना पोटभर खाण्याच्या निम्म्याहूनही कमी मोजून देतात आणि ते भुकेलेच राहतात. २००८ च्या एका जागतिक अभ्यासात व्यापारी वंशांत पूर्वीची निम्मी किंवा त्याहून जास्त जनुकीय विविधता नाहीशी झालेली दिसली. उद्या नवा रोग आला तर त्याला तोंड द्यायला लागणारं बियाणंच हरवलेलं असू शकतं.

आमच्या शेडमध्ये शेवटच्या आठवड्यात दहा-वीस पक्षी असे असायचेच, पाय फाकून तुसात बसलेले. पाण्याच्या भांड्यापर्यंत त्यांना जाता येत नसे. आई वाटीतून पाणी नेऊन त्यांच्या चोचीशी धरायची. मी बाबांना विचारायचो, याला काय झालं? ते म्हणायचे, काही नाही रे, वजन पेलत नाही त्याला. कुणीही त्याला हार्मोन टोचलेलं नव्हतं. जन्मतानाच तो ते ओझं घेऊन आला होता.

राहिला "फक्त गावठी". घराभोवती फिरणारी, किडे-मकोडे खाणारी कोंबडी मलाही आवडते, शागोतीला, म्हणजे आमच्या मसालेदार रश्शाला, तिची चव वेगळीच. पण बाजारात रंगीत पिसं दिसली की ती गावठी असं नाही. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाचं वनराजा हे वाण परसातच पाळतात, रंगीतच असतं, आणि तेही निवड-संकरानेच घडवलेलं आहे. त्यात वाईट काहीच नाही. शुद्ध गावठी हा शब्दच जपून वापरावा. कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा, पण तिच्या पिवळ्या कातडीचं, पिवळ्या पायांचं जनुक करड्या रानकोंबड्याकडून आलं आहे, हे २००८ मध्ये सिद्ध झालं. हा करडा रानकोंबडा म्हणजे मोलेच्या आणि आमच्या सत्तरीच्या रानात पहाटे ओरडतो तोच.

हे सगळं त्या दिवशी जेवणाच्या ताटावर सांगता आलं नाही. वहिनीला फक्त अल्बर्टाचे तीन आकडे कागदावर लिहून दिले आणि लेयर-ब्रॉयलरचा फरक सांगितला. ती बराच वेळ कागद बघत राहिली. मग म्हणाली, "चिकनचं मी बघीन अजून. अंडं देते." दिवाळीनंतर पुतणीचं रक्त पुन्हा तपासायचं आहे. तोवर रोज एक उकडलेलं, असं ठरलं आहे.