सहा तासांची मॅरेथॉनही मॅरेथॉनच असते

आज सकाळी आमच्या फोटोखाली एका गृहस्थांची कमेंट वाचली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. "सहा तासांत तर कोणीही चालत पोचेल. याला मॅरेथॉन म्हणू नका." खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. त्यातल्या काही इमोजी माझ्या ओळखीच्या माणसांच्या आहेत, आणि मला तेच जास्त लागलं.

फोटोत आम्ही चौघं आहोत. चौघांचीही पहिली मॅरेथॉन. चेहऱ्यांवर मीठ वाळलेलं, मैत्रिणीचा एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा आमच्यातल्या सगळ्यात वेगवान मित्राच्या खांद्यावर. घड्याळात सहा तास उलटून गेले होते, हे खरंच आहे. आम्ही ते लपवलेलं नाही. फोटोत मागे आकडे स्पष्ट दिसतात.

आधी चालण्याचंच बघू. धडधाकट माणसाची नेहमीची चाल ताशी पाच किलोमीटर धरा. त्या चालीने ४२.१९५ किलोमीटरला आठ तासांहून जास्त लागतात. सहा तासांत पोचायचं तर ताशी सात किलोमीटरचा वेग लागतो, तोही सहा तास सलग, पाणी प्यायला थांबलेला वेळ त्यातच धरून. कोणीही चालत पोचेल म्हणे! उद्या सकाळी घराबाहेर पडा आणि ताशी सातने फक्त एक तास चालून दाखवा. मग बोलू.

आणि हे अंतर हळू धावणाऱ्याला कमी करून मिळत नाही. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसर कॅसलपासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या कक्षासमोरपर्यंत मार्ग आखला, तो ४२.१९५ किलोमीटर भरला. पुढे १९२१मध्ये तेच अंतर कायमचं ठरलं. जिंकणाऱ्यालाही तेवढंच, शेवटून पहिल्या येणाऱ्यालाही तेवढंच.

आता ३४व्या किलोमीटरवर काय झालं ते सांगते, कारण त्या गृहस्थांना फोटोत ते दिसलं नाही.

३४व्या किलोमीटरच्या पाटीच्या थोडं पुढे मैत्रिणीच्या पोटरीत गोळा आला. साधा नाही, पाय सरळच होईना असा. ती फुटपाथच्या कडेला बसली आणि म्हणाली, "तुम्ही जा. मी बघते काय ते." आमच्यातला जो वेगवान मित्र आहे, त्याच्या पायांत त्या दिवशी साडेचार तासांची धाव सहज होती. त्याचे लाँग रन, म्हणजे सरावातल्या लांब पल्ल्याच्या धावा, बघितलेला कोणीही हे सांगेल. तो काही बोलला नाही. खाली बसला, तिच्या बुटाचे बंद सोडले, टाच तळहातात धरली आणि पायाची बोटं हळूहळू नडगीकडे दाबून धरली. गोळा सुटेपर्यंत. शेजारून पेसर गेले, म्हणजे ठरलेल्या वेगाने धावून इतरांना वेग धरून देणारे, फुगे बांधलेले, त्यांच्या मागे पूर्ण घोळका गेला. त्याने एकदाही मान वर करून बघितलं नाही.

यालाच तुम्ही मॅरेथॉन नाही म्हणता?

ज्यांनी लांब पल्ल्याचा सराव केलेला नाही, त्यांना ३४ म्हणजे काय ते कळणार नाही, म्हणून सांगते. शरीरात ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा असतो तो बहुतेकांना ३०-३२ किलोमीटरच्या आसपास संपत येतो. त्यानंतर पाय आपले राहत नाहीत. डोकं सांगतं बस झालं, आता घरी जा. रनर लोक त्याला वॉल लागली म्हणतात. ३० किलोमीटरपर्यंत जे धावलात ते सरावावर धावलात, पुढचे १२ निराळेच असतात. तिथे बसलेल्या माणसाला उठवून पुन्हा धावायला लावणं किती अवघड, ते तिथे बसलेल्यालाच कळतं.

हो, मान्य करते, वेगात धावणाऱ्यांचे कष्टही खरे आहेत. कोणी तीन तासांच्या आत येतो तेव्हा त्यामागे वर्षांची शिस्त असते. मी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवते, मनापासून वाजवते. पण त्यांच्यातल्या एकानेही आजवर मला "हे धावणं नव्हे" असं ऐकवलेलं नाही. उलट परतीच्या वाटेवर आमच्यासारख्यांना बघून ओरडून धीर देतात ते तेच. असल्या कमेंटी करतात ते कडेला उभे राहिलेले. उंटावरून शेळ्या हाकणारे.

सरावाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. साधारण चार-पाच महिने आम्ही आठवड्याचे दिवस ठरवून धावलो. नियम एकच होता. ज्याला बोलता येत नाही त्याचा वेग जास्त झाला. धावता धावता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, धाप लागून शब्द तुटता कामा नयेत. पुस्तकांत याला टॉक टेस्ट म्हणतात. आम्ही त्यात अख्ख्या आयुष्याच्या गप्पा मारल्या. रविवारच्या लाँग रनला अंधारात निघायचो. आधी सगळे गप्प असायचो, मग पाचव्या-सहाव्या किलोमीटरला कोणीतरी सुरुवात करायचं. मैत्रिणीच्या घरात त्या काळात जे चाललं होतं ते तिने आम्हाला पहिल्यांदा सांगितलं ते १८ किलोमीटरच्या लाँग रनमध्ये. समोरासमोर बसून तिने ते कधीच सांगितलं नसतं. शेजारी शेजारी धावताना डोळ्यांत बघावं लागत नाही, म्हणून सांगता आलं असेल. त्या दिवशी आम्ही ठरलेल्या ठिकाणाहून वळलोच नाही, पुढे धावत राहिलो.

शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करायचं असतं, टेपर. त्या काळात सगळ्यांना उगाच वाटतं की गुडघा दुखतोय, सर्दी होतेय, आपल्याच्याने होणार नाही. त्या दिवसांत रोज रात्री एकमेकांना फोन होते. एकटी असते तर मी स्टार्ट लाइनपर्यंत पोचलेच नसते, हे अगदी खरं सांगते.

म्हणून चौघांनी मिळून ठरवलं होतं की एकत्र निघायचं आणि एकत्रच पोचायचं. सगळ्यात हळू धावणाऱ्याचा वेग तो आपला वेग. हे सरावाच्या पहिल्या महिन्यातच ठरलं, त्यावर पुन्हा चर्चा झाली नाही. ३४व्या किलोमीटरवरही नाही.

काही लोक म्हणतील, मॅरेथॉन ही एकट्याची परीक्षा आहे, त्यात दुसऱ्यासाठी थांबणं म्हणजे भावनिकपणा. बरं. मग केनियाचा मॅरेथॉनपटू एलियुद किपचोगेचं बघा. १२ ऑक्टोबर २०१९ला व्हिएन्नात त्याने १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत हे अंतर पार केलं. दोन तासांच्या आत पोचलेला तो पहिला माणूस. त्याच्याभोवती ४१ पेसर आळीपाळीने धावत होते, वारा अंगावर घेत. असे आळीपाळीने धावणारे पेसर होते आणि ती खुली स्पर्धाही नव्हती, म्हणून ती धाव अधिकृत विक्रमात धरली गेली नाही, हेही खरं. पण त्याने ते लपवलं का? तो धावला तो माणसांच्या घोळक्यात. जगातला सगळ्यात मोठा मॅरेथॉन धावणारा सोबत घेतो, आणि आम्ही सोबत धावलो की आमचं धावणं हलकं?

२०१७च्या लंडन मॅरेथॉनचा तो व्हिडिओ पुष्कळांनी बघितला असेल. फिनिश समोर दिसत असताना डेव्हिड वायथ नावाच्या धावपटूचे पाय कोसळत होते. मॅथ्यू रीस त्याच्या पुढे निघून जाऊ शकत होता. तो वळला, त्याला खांदा दिला आणि दोघं रेषेपार गेले. मला तर त्या वर्षी लंडनला कोण जिंकलं हे आठवतसुद्धा नाही.

हे लिहिताना पुन्हा ती फुटपाथची कडा डोळ्यांसमोर येते. गोळा सुटल्यावर ती उभी राहिली. पाय टेकवायला घाबरत होती. मित्र म्हणाला, "त्या खांबापर्यंत धावू, मग पुढच्या खांबापर्यंत चालू." मग उरलेलं सगळं अंतर आम्ही तसंच काढलं. एक खांब धावायचं, एक खांब चालायचं. मध्येच ती म्हणायची, आता दोन खांब चालू या. मग दोन. मग तीच म्हणायची, चला, आता दोन धावू. शेवटच्या किलोमीटरला ती कोणाचंच ऐकेना, चालायलाच तयार नव्हती.

मागे स्वीप बस होती. वेळमर्यादा संपत आली की ती मागून येते आणि राहिलेल्यांना गोळा करते. आता वेळमर्यादा हवी, हेही मला मान्य आहे. रस्ते किती वेळ बंद ठेवणार? पाणी वाटणारे स्वयंसेवक पहाटेपासून उभे असतात, तीही माणसंच आहेत. पण मर्यादा कुठे किती असावी याला काही निसर्गनियम नाही. टोकियोत सात तास देतात. होनोलुलूच्या मॅरेथॉनला वेळमर्यादाच नाही, शेवटचा माणूस येईपर्यंत फिनिश लाइन उघडी असते. तिथे जे आठ-नऊ तासांनी पोचतात, त्यांना काय सांगणार, घरी जा?

आणखी एक गोष्ट जड मनाने का होईना, लिहायला हवी. हळू धावणाऱ्यांना जास्त वेळ उन्हात राहावं लागतं, त्यामुळे त्यांनी जास्त सांभाळायला हवं. विशेषतः पाणी. प्रत्येक टेबलावर भीतीपोटी ग्लासच्या ग्लास रिकामे केले तर रक्तातलं सोडियम खाली जातं, आणि हे वेगवान लोकांपेक्षा हळू धावणाऱ्यांना जास्त होतं. जीवावर बेतू शकतं. तहान लागेल तेवढंच प्या. तेव्हा हळू धावणं म्हणजे बेफिकीर धावणं नव्हे, तयारी दोघांनाही लागते. "तयारीशिवाय येतात आणि रुग्णवाहिका अडवतात" असं कोणी म्हणालं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. ते कोणी म्हणालं नाही. तुम्ही फक्त घड्याळ बघून हसलात.

सकाळी लिहायला बसले असते तर त्या गृहस्थांना आणखी बरंच काही सुनावलं असतं. आता राग थोडा खाली आलाय. बहुधा त्यांनी कधीच कोणाबरोबर इतका वेळ काढला नसेल, सहा तास सलग, फोनशिवाय. त्यांना मी शिव्या देणार नाही.

पण ज्या ओळखीच्या लोकांनी हसरे चेहरे टाकलेत, त्यांना सांगते. मैत्रिणीने ती कमेंट वाचली आहे. दुपारी तिने मला विचारलं, "फोटो काढून टाकायचा का गं?" ज्या बाईने पोटरीत गोळा घेऊन आठ किलोमीटर काढले, तिला आज फोटोची लाज वाटायला लागली, ती तुमच्या त्या इमोजींमुळे. फोटो निघणार नाही. ती कमेंटही मी पुसणार नाही, राहू दे तिथेच. तुम्हाला तुमची इमोजी काढायची असेल तर काढा, मी कोणाला विचारायला येणार नाही.

मित्राला मी संध्याकाळी विचारलं, तुला तुझ्या साडेचार तासांचं वाईट वाटतं का? तो म्हणाला, "ते साडेचार पुढच्या वर्षीही तिथेच असतील." आणि तो ते करेल. आम्ही तिघं फिनिशला उभे राहून ओरडू.

मैत्रिणीने पुढच्या मोसमाचं नाव नोंदवलं आहे, आजच, ती कमेंट वाचल्यानंतर. पोटऱ्यांसाठी आठवड्यातून दोनदा व्यायाम सुरू करतेय. रविवारचे लाँग रन पुढच्या महिन्यापासून पुन्हा चालू होतील. ज्यांना पहिल्यांदा धावायचं आहे, आणि वेग नाही म्हणून जे मागे राहिलेत, त्यांनी मला मेसेज करा. सवयीचे जुने बूट घालून या, नवे कोरे नकोत. वेग बोलता येईल एवढाच असेल, आणि कोणालाही मागे सोडून जाणार नाही.