खुलासा : टॉर्क फक्त वस्तुमानकेंद्राभोवतीच?

फोंड्यापासून पेडण्यापर्यंत अकरावीच्या मुलांच्या व्हॉट्सअॅपवर सध्या एक 'ट्रिक' फिरतेय: टॉर्क (बलाचा फिरवण्याचा परिणाम) आणि कोनीय संवेग (फिरण्याचा संवेग) नेहमी वस्तुमानकेंद्राभोवतीच (सगळं वस्तुमान जिथे एकवटलंय असं धरता येतं त्या बिंदूभोवतीच) काढायचे, नाहीतर उत्तर चुकतं. हे खरं नाही. जमिनीवरचा कुठलाही स्थिर बिंदू चालतो. वस्तुमानकेंद्र हलतं असलं तरी चालतं, ही त्याची खास सवलत. इतर हलते बिंदू मात्र जपून घ्यावेत.

खरी गंमत बिंदू निवडण्यात आहे. देवळाच्या लाद्यांवर भरीव चेंडू न फिरवता v वेगाने सरकवला, तर घरंगळायला लागल्यावर त्याचा वेग किती? केंद्राभोवती सोडवायला बसलात की घर्षण, वेळ, दोन समीकरणं. त्याऐवजी त्याच्या वाटेतला लादीवरचा एक बिंदू धरा. घर्षणाची रेषा तिथूनच जाते, म्हणून त्याचा टॉर्क शून्य. वजन आणि लादीची प्रतिक्रिया एकमेकांना खोडतात. कोनीय संवेग कायम: mvR = mv′R + (2/5)mv′R. (m चेंडूचं वस्तुमान, R त्रिज्या, v′ घरंगळतानाचा वेग; शेवटचं पद चेंडूच्या स्वतःभोवती फिरण्याचं.) म्हणजे v′ = 5v/7. घर्षणांक लागलाच नाही!

नको असलेलं बल जिथून जातं, तिथे बिंदू ठेवायचा. भिंतीला टेकवलेल्या शिडीच्या गणितातही पायथा धरतात तो यासाठीच.