टर्बोची शिट्टी आणि एक स्टार: देवबागच्या डिझायरबद्दल आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू आला त्याच दिवशी वाचला. त्या रात्री उत्तर लिहायला बसलो असतो तर भांडण झालं असतं, म्हणून चार दिवस जाऊ दिले. आता मुलाकडून टाइप करून घेतोय.

बाकी वाचणाऱ्यांसाठी तुमची तक्रार थोडक्यात सांगतो. २०१२ ची डिझेल डिझायर, देवबागला तुमच्या बाबांकडे असते. ओढत नव्हती, काळा धूर मारत होती, म्हणून चतुर्थीच्या आधी आमच्याकडे कुडाळला टाकली. आम्ही आठ दिवस ठेवली, १८,६०० रुपये घेतले, टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) उघडला. सांगूनही टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हचं अंतर जुळवणं) केलं नाही. गाडी मुंबईला नेताना कशेडीच्या बोगद्यात काच खाली केलीत तर शिट्टी ऐकू आली. तिकडच्या मेकॅनिकने सांगितलं की नुसता ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) साफ करून भागलं असतं. म्हणून एक स्टार, आणि ‘गावच्या गॅरेजवर विश्वास ठेवू नका’.

आधी शिट्टीचं बोलतो, कारण ती आमची चूक आहे.

तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मी हेडफोन लावून तीनदा ऐकला. दोन हजार आरपीएमच्या पुढे, पाय दाबला की ‘फुस्स’ करून आवाज चढतो आणि पाय सोडला की लगेच जातो. हा टर्बोच्या बेअरिंगचा आवाज नाही. टर्बोतून इंजिनाकडे दाबाची हवा नेणारा जो रबरी होज आहे, तो क्लिपपाशी लीक आहे. तेरा वर्षं उष्णतेत राहून त्या होजचं तोंड कडक झालेलं होतं आणि क्लिपचा स्क्रू खाऱ्या वाऱ्याने खाल्लेला होता. देवबागला एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. तिथल्या गाडीचे नटबोल्ट कसे निघतात ते आम्हांला विचारा. आमच्या पोराने जुना होज, जुनी क्लिप तशीच आवळून लावली. अंगणात रेस करून बघितली तेव्हा ठीक होती. घाटात पूर्ण दाब आला आणि ती सरकली. नवीन होज टाकायलाच हवा होता, तो माझ्या नजरेतून सुटला. मुंबईत बदलून घ्या, बिलाचा फोटो पाठवा, होज, क्लिप आणि मजुरी असे सगळे पैसे परत करतो. तोवर फार दाबून चालवू नका. हवा बाहेर जाते, डिझेल तेवढंच पडतं, म्हणून परत काळा धूर दिसेल.

पण टर्बो उगाच उघडला हे मात्र मला मान्य नाही.

तुमचे बाबा गाडी घेऊन आले तेव्हा म्हणाले, “चढाव घेणा नाय.” मी बॉनेट उघडायच्या आधी ड्रायव्हरच्या दरवाजाच्या आतल्या बाजूचा ऑइल चेंजचा स्टिकर बघितला. पुढचं ऑइल १,३०,००० किलोमीटरला, असं लिहिलेलं. मीटरवर १,२६,०००. बाबा म्हणाले, अजून चार हजार बाकी आहेत. खरं होतं. पण स्टिकरवरच्या तारखेला सव्वादोन वर्षं उलटून गेली होती. सगळा घोळ तिथे आहे. गाडी देवबागहून मालवण बाजारात जाते, मासे घेऊन परत येते. इंजिन नीट तापेपर्यंत घर येतं. असं चाललं की ऑइलमध्ये काजळी आणि ओल साठत जाते, आणि ओल उडून जाण्याइतकी गरमी कधी मिळतच नाही. हायवेला दहा हजार चाललेलं ऑइल याच्यापेक्षा बरं असतं.

हे इंजिन मला स्वतःला आवडतं, म्हणून दोन शब्द जास्त लिहितो. फियाटचं १.३ मल्टिजेट, १२४८ सीसी, २००३ साली आलं. मारुतीत त्याला डीडीआयएस म्हणायचे, टाटाच्या व्हिस्टात क्वाड्राजेट. स्विफ्ट, रिट्झ, पुंटो, एर्टिगा, सगळ्यांत हेच. लोक त्याला देशाचं इंजिन म्हणायचे ते उगाच नाही. २०२० ला धुराचे बीएस ६ नियम आले तेव्हा मारुतीने बंद केलं. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, तुमच्या मॉडेलला ७५ पीएस आणि २००० आरपीएमला १९० न्यूटन मीटर टॉर्क. दोन हजारच्या खाली झोपलेलं असतं, वर गेलं की अंगात आल्यासारखं ओढतं. पण याच्या चेंबरमध्ये ऑइल मावतं तीन लिटरच्या आसपास. तेवढ्यातून क्रँक, हेड, टायमिंग चेनचा (व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणाऱ्या साखळीचा) टेन्शनर, म्हणजे ती ताणून धरणारा भाग, आणि टर्बो, सगळ्यांनी प्यायचं. अर्धा लिटर कमी झालं तरी इथे फरक पडतो. आणि तुमच्या ऑइल मोजायच्या पट्टीवर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होतं.

चेंबर उतरवला तर ऑइल खेचणाऱ्या पाइपच्या जाळीवर फणसाच्या चिकासारखा काळा थर. निम्मी जाळी बंद. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो, तोही बुशमध्ये ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. ऑइल वेळेवर पोचलं नाही की धातूवर धातू घासतो. टर्बोला ऑइल नेणारा बारीक पाइप काढून फुंकला, तर हवा जेमतेम पलीकडे गेली. शाफ्ट बोटाने वर-खाली हलवला तर पंखा बाजूच्या भिंतीला टेकत होता. पात्यांची टोकं घासून चकचकीत झाली होती. त्या शाफ्टवर गाडी तशीच मुंबईला गेली असती तर वाटेत ऑइल हवेच्या पाइपात ओढून निळा धूर सोडला असता, नाहीतर त्याहून वाईट.

आख्खा नवा टर्बो लावा म्हटलं असतं तर बिल कितीतरी वर गेलं असतं. आम्ही नुसता मधला कोअर (शाफ्ट, पंखे आणि बुश असलेला भाग) बदलला, ऑइलचा पाइप नवीन टाकला, जाळी धुतली, ऑइल-फिल्टर बदलले. पाइप तोच ठेवून नवा कोअर बसवणारे आहेत. तो कोअर वर्षभरात परत येतो. जुना कोअर तुम्हांला दाखवला नाही, ही तक्रार रास्त आहे. त्या दिवशी मी दुकानात नव्हतो आणि पोराला सुचलं नाही. तो अजून फळीवर आहे, तुमच्या गाडीचा नंबर लिहून. फेकणार नाही.

मुंबईच्या मेकॅनिकचंही पूर्ण चुकलेलं नाही. ईजीआर तुंबलेलाच होता. सायलेन्सरकडे जाणारा थोडा धूर परत हवेत मिसळायचा, नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करायचे, हे त्या व्हॉल्व्हचं काम. त्या काजळीत इंजिनाची तेलकट वाफ मिसळली की मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या पाइपात) करपलेल्या फणसपोळीसारखी साय धरते. चाकूने खरवडून काढली. बिलाची तिसरी ओळ बघा: ‘ईजीआर व मॅनिफोल्ड सफाई’. तो आमच्याकडे साफ झालाय, म्हणून त्यांना तिकडे स्वच्छ दिसला असेल. नुसती सफाई करून गाडी दिली असती तर पिकअप थोडा परत आला असता, आणि टर्बो महिन्याभरात गेला असता. त्याचंही नाव आमच्यावरच आलं असतं.

टॅपेटचं म्हणाल तर या इंजिनाला टॅपेट सेटिंग नसतंच. हायड्रॉलिक आहेत, ऑइलच्या दाबावर आपोआप अंतर धरतात. हे तेव्हाच नीट समजावून सांगायला हवं होतं. पोरगा नुसतं “लागत नाय” म्हणाला आणि तुम्हांला ते उडवाउडवीचं वाटलं.

आठ दिवसांपैकी दोन चतुर्थीचे. कोकणात त्या दिवशी कोण पाना हातात धरणार? तीन दिवस कोल्हापूरहून कोअर यायला लागले. उरलेले तीन आमच्याकडच्या गर्दीचे. सगळे चाकरमानी एकदम येतात आणि सगळ्यांना गाडी विसर्जनाच्या आधी हवी असते. आधी स्पष्ट सांगायला हवं होतं की आठवडा जाईल. टर्बो उघडायच्या आधी बाबांना विचारलं होतं, पण पैसे तुम्ही देणार होता तर फोन तुम्हांला जायला हवा होता. हे दोन्ही आता बदललंय. पाच हजारांच्या वरचं काम निघालं की आधी फोटो, मग होकार, मग पाना.

आता जे तुमच्या रिव्ह्यूत नाही, पण मला जास्त काळजीचं वाटतं, ते. बिलाच्या तळाशी पेनाने लिहिलंय: ‘टायमिंग चेन आवाज, लवकर बघणे’. सकाळी गार इंजिन स्टार्ट केलं की पहिले दोन-तीन सेकंद उजव्या बाजूने खळखळ येते. याला बेल्ट नाही, चेन आहे. चेन आयुष्यभराची असं सगळे सांगतात, पण तिचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. सव्वादोन वर्षं घाण ऑइल प्यायलेली चेन सैल पडते. एक दात उडाला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड उतरवावं लागतं. त्यापुढे १८,६०० म्हणजे काहीच नाही. चेन आम्ही मुद्दाम केली नाही. टर्बोच्या बिलात आणखी एक मोठा आकडा घातला असता तर तुम्ही काय लिहिलं असतं ते मला माहीत आहे.

मुंबईतच दाखवा, आमच्याकडेच आणा असा आग्रह नाही. फक्त गार इंजिनावर ऐकायला सांगा. मेकॅनिक गाडी चालवून आला आणि मग ऐकली तर आवाज येणार नाही, तो म्हणेल सगळं ठीक आहे. आणि आम्ही भरलेलं ऑइल तीन हजार किलोमीटरलाच काढून टाका, दहा हजारांची वाट बघू नका. आत उरलेली घाण त्यात विरघळून येणार आहे. त्यानंतर किलोमीटर होवोत न होवोत, वर्षाला एकदा. बाबांना एवढंच सांगा, आठवड्यातून एकदा मालवण सोडून कसालपर्यंत फिरवून आणा, आणि चढ चढून आल्याबरोबर चावी फिरवू नका, मिनिटभर चालू ठेवा. टर्बो तेवढ्यात थंड होतो.

स्टार बदला असं म्हणणार नाही. होजचे पैसे मात्र मागून घ्या.

शिमग्याला येणार असाल तर आठवडाभर आधी फोन करा. कोअर हातात देतो, चेनचं कव्हर तुमच्या समोर उघडतो. ऐन शिमग्यात येऊ नका, तेव्हा आमची पोरं रोंबाटात (शिमग्याच्या सोंगांच्या मिरवणुकीत) असतात आणि गॅरेजमध्ये मी एकटाच असतो.