घोड्याची टीप

मी घोड्यांची पुस्तकं जमवतो. लहान मुलांची, जुनी, चित्रांची. स्वतः मी माथेरानलासुद्धा घोड्यावर बसलेलो नाही.

परवा किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर, गळक्या ताडपत्रीखाली, 'किंग ऑफ द विंड' दिसलं. १९४८ चं पुस्तक, मार्गरीट हेन्रीचं, चित्रं वेस्ली डेनिसची. पुस्तकवाला तीनशे म्हणाला, मी अडीचशे. सौदा जमतच होता, एवढ्यात शेजारून आवाज आला, "घोडा कुठला?"

सत्तरीचे गृहस्थ. काखेत छत्री, हातात रेसचं पुस्तक, खिशाला लाल आणि निळं अशी दोन पेनं.

"मुलांचं पुस्तक आहे, काका."

"पुण्याचा सीझन चालू आहे आणि भर पावसात तुम्ही मुलांसाठी घोडे बघताय?"

"मुलांसाठी नाही, माझ्यासाठीच."

"हां! आता कसं बोललात. जॉकी कोण?"

"जॉकी नाहीये. तबेल्यातला एक मुका मोरक्कन पोरगा आहे."

"मुका? उत्तम. टीप फुटायची नाही." मग ढिगातल्या 'ब्लॅक ब्यूटी'वर छत्रीचं टोक ठेवत, "हे कोणी लिहिलंय?"

"घोड्याने," मी वैतागून म्हणालो. तसं ते अगदीच खोटं नव्हतं. १८७७ च्या पहिल्या आवृत्तीत शीर्षकपानावर 'मूळ घोड्याच्या भाषेतून अनुवादित' असंच छापलं होतं. अ‍ॅना स्यूएलबाईंचं नाव अनुवादक म्हणून. मी तेही सांगितलं.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मग येत्या रविवारचं काय म्हणतोय तो?"

यावर गप्प बसायला हवं होतं, पण ते पुन्हा माझ्या हातातल्या पुस्तकाकडे वळले आणि म्हणाले, "हा तर एकही रेस जिंकलेला दिसत नाही." आता हे मात्र सोसवेना. हा गोडॉल्फिन अरेबियन, म्हटलं. १७५३ साली गेला. स्वतः पळाला नाही, दंतकथा खरी मानली तर पॅरिसात गाडी ओढत होता. पण आज जगात जेवढे म्हणून थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीचे घोडे, आहेत, त्यांची बापाकडची वंशावळ तीनच घोड्यांपाशी जाऊन थांबते: डार्ली अरेबियन, बायर्ली टर्क आणि हा. महालक्ष्मीला पळतात तेसुद्धा त्यांचेच.

काकांनी चष्मा लावला. पुस्तक माझ्या हातातून अलगद काढून घेतलं. "म्हणजे हा मूळ पुरुष!"

पुस्तकवाल्याने एव्हाना मोबाइल काढला होता. "साहेब, व्हिंटेज आहे हे. बाराशे."

मी तोंड उघडेपर्यंत काकांनी पैसे मोजले होते. "रविवारी निघतील," ते मला धीर देत म्हणाले.

काकांवर राग नाही. आहे, पण तो ओसरेल. ते निदान पुस्तक वाचतील, निळ्या पेनने खुणा करत का होईना. डोक्यात जातो तो 'व्हिंटेज' हा शब्द. तो कानावर पडला की पुस्तकाची किंमत चौपट होते आणि ब्लेड बाहेर येतं. सी. डब्ल्यू. अँडरसनचं १९३६ चं 'बिली अँड ब्लेझ' मी मोठ्या हौसेने आणलं होतं. ते निव्वळ शिळाछापावरच्या त्या करड्या चित्रांसाठी घ्यायचं पुस्तक. घरी येऊन उघडतो तर चित्रांची पानंच कापलेली. पुढे एका महागड्या कॅफेत कॉफीची वाट बघत बसलो असताना समोरच्या भिंतीवर, सोनेरी चौकटीत, स्वच्छतागृहाकडे बाण दाखवणाऱ्या पाटीशेजारी, तसाच एक घोडा कुंपणावरून उडी मारत होता. शेजारच्या टेबलावरची मुलगी त्याच्यासोबत सेल्फी काढत होती. कॉफी तीनशे ऐंशीची. एवढ्यात अख्खं पुस्तक आलं असतं, पानांसकट. आणि हीच माणसं वर म्हणणार की हल्ली मुलं वाचत नाहीत! वाचतील कशी? पुस्तकं भिंतीला टांगलीत तुम्ही.

असो. निघालो, तर पुस्तकवाल्याला माझी दया आली असावी. ढिगाखालून त्याने एक जाडसर पुस्तक ओढलं. "साहेब, नाराज नका होऊ. हा पण घोडाच आहे."

'ब्राइटी ऑफ द ग्रँड कॅन्यन', १९५३. ते गाढव आहे. पण लेखिका तीच, चित्रकार तोच.

काकांनी वाकून मुखपृष्ठ बघितलं आणि मान हलवली. "याच्यावर लावू नका."

दोनशे रुपये लावले.