ओठ मिटून उभ्या राहणाऱ्यांविषयी

ताई, सलाम.

तुमची प्रतिक्रिया वाचली आणि दोन दिवस उत्तर लिहवले नाही. चर्चमधल्या उपासनेत मनापासून गावे, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिले आहे की मोठ्याने गाणे आणि मनापासून गाणे यांत मी गल्लत केली. यजमान गेल्यापासून आनंदाची गीते तुमच्या तोंडून फुटत नाहीत, तुम्ही पुस्तक मिटून उभ्या राहता, आणि अशांना मी ‘उदासीन’ म्हटले. मनात नाही ते म्हणणे हेच ढोंग नव्हे काय, असा तुमचा प्रश्न आहे.

‘उदासीन’ हा शब्द चुकला. गप्प उभ्या असलेल्या माणसाच्या आत काय चालले आहे, ते शेजारच्या बाकावरून दिसत नाही. तो शब्द मी लेखातून काढला आहे. मला क्षमा करा.

आवाजाबद्दलही तुमचेच खरे. मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७६१ साली गाण्याविषयी नियम छापले. अर्धवट झोपेत असल्यासारखे गाऊ नका, जीव ओतून गा, असा त्यांतला एक. त्याला लागूनच पुढचा नियम असा की नम्रपणे गा, मंडळीच्या, म्हणजे उपासनेला जमलेल्या सर्वांच्या, वर आपला आवाज चढवू नका. मी पहिला सांगितला आणि दुसरा विसरलो. माईक आल्यापासून तर दुसऱ्याचीच गरज जास्त आहे. पुढे चौघे गातात आणि बाकीची मंडळी ऐकत उभी राहते.

पण ढोंगाविषयी माझे मत वेगळे आहे. बंदिवान करून बाबेलला नेलेले यहूदी लोक तिथल्या नद्यांकाठी बसून म्हणाले, परक्या देशात परमेश्वराचे गीत आम्ही कसे गावे? वीणा त्यांनी झाडांवर टांगून ठेवल्या. आणि हे आपल्याला कळते कशावरून? बायबलमधल्या १३७ व्या स्तोत्रावरून, म्हणजे गीतावरूनच! गाता येत नाही, हे दुःखही त्यांनी देवापुढे गाऊन ठेवले. ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते, आणि तरी ते स्तोत्रसंहितेत आहे. आपल्या उपासनेत अशी गीते फार क्वचित निवडली जातात. हा दोष निवडणाऱ्यांचा आहे ताई, तुमचा नाही.

दुसरे असे की मंडळीतले गाणे एकट्याच्या मनाचे नसतेच. कलस्सै गावच्या मंडळीस पत्र लिहिताना प्रेषित पौल एका दमात सांगतो: परस्परांना शिकवा, बोध करा, आणि अंतःकरणात देवासाठी गा. वडिलांच्या अंत्यविधीला माझ्या घशातून शब्द निघेना. शेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे होते. सूर साफ चुकलेला, पण एकही कडवे त्यांनी सोडले नाही. त्या दिवशी माझा विश्वास त्यांच्या आवाजावर उभा होता. मला गाता येत नव्हते, म्हणून ते माझ्या वाटचे गात होते. आता मला गाता येते, तेव्हा कोणाच्या तरी वाटचे मी गातो. यात ढोंग आहे असे मला वाटत नाही.

ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी अभंग, भजन ही आपल्या मातीतली वळणे मंडळीच्या तोंडी दिली. म्हणून तर अक्षरओळख नसलेल्या आज्यांनाही ती गीते पाठ असायची. पाठ असलेल्या शब्दांचा उपयोग अशाच दिवसांत होतो, जेव्हा स्वतःचे शब्द सुचत नाहीत.

तर पुस्तक मिटलेले राहू द्या. घाई नाही. जमेल त्या रविवारी एखादी ओळ ओठांतल्या ओठांत म्हणा, नाही जमली तर नुसत्या उभ्या राहा. मात्र बाक सोडू नका. तुमच्या वाटचे गाणारे तिथेच आहेत.