खिचडीचं मीठ आणि एक दिवसाचा हेडसर

शिक्षक दिनाला आमच्या हायस्कुलात हेडसर व्हायला कुणीच तयार नसायचं. बाहेरच्या लोकांना हे पटत नाही, त्यांना वाटतं केवढा मान. अहो मान कसला? मराठी-इतिहास शिकवणाऱ्यांना तास मिळतो, खडू मिळतो, पाचवीची पोरं वहीचा कागद फाडून केलेली फुलं आणून देतात, पोरींना आईची साडी नेसून व्हरांड्यातून आठ वेळा मिरवता येतं. हेडसरनं काय करायचं, तर ऑफिसात बसायचं. तेही टेबलाच्या त्या बाजूला जिथं पंख्याचा वारा पोचत नाही.

2014 साली मी दहावीत होतो. शिकवायला हात वर करणारे ढीगभर, हेडसरसाठी एक नाही, मग वर्गशिक्षकांनी उभं करून उंची बघितली आणि वडिलांचा कोट अंगाला येईल असा मी एकटाच निघालो. झाली निवड. गुणवत्ता वगैरे काही विचारात घेतली नाही, ती घेतली असती तर मी वाचलो असतो.

त्यात त्या वर्षी नेमका 5 सप्टेंबरला दुपारी तीनला पंतप्रधान देशभरातल्या पोरांशी टीव्हीवरून बोलणार होते आणि शाळाशाळांत ते दाखवायचं होतं. आमच्याकडं टीव्ही होता पण लाईटचा भरवसा नव्हता. जनरेटर होता तो गणपती मंडळाकडं, आणि ऐन गणपतीत मंडळाकडनं जनरेटर मागून आणणं म्हणजे काय हे ज्याला माहितीये त्यालाच कळेल. त्यामुळं खरे हेडसर परिपाठ झाल्याझाल्या मोटरसायकल काढून मंडळाच्या अध्यक्षाला शोधायला गेले. जाताना मला म्हणाले, "बस खुर्चीत. कशाला हात लावू नको. अडलं तर भाऊसाहेबांना विचार." भाऊसाहेब म्हणजे आमचे क्लार्क. शाळा कोण चालवतं हे मला त्या वाक्यातच कळायला पाहिजे होतं.

बसलो. टेबलावर बेल होती ती वाजवली. शिपाई मामा आले, म्हणाले "काय रे?" म्हणलं पाणी. ते म्हणाले "टाकी मागं आहे, माहितीये ना?" आणि गेले. नंतर एक पालक दाखला न्यायला आले, दारातनंच "हेडसर कुठायत?" म्हणलं मीच आहे. त्यांनी माझ्याकडं बघितलं, कोटाकडं बघितलं, आणि काही न बोलता बाहेर बाकड्यावर जाऊन बसले ते दुपारपर्यंत बसलेच.

मग पहिला तास सुरू झाला आणि पाच-सात मिनिटांत आठवीवर विज्ञान शिकवायला गेलेला आमचा पहिल्या नंबरचा हुशार गडी घामाघूम होऊन दारात उभा. "धडा संपला." अरे संपला म्हणजे? तास पस्तीस मिनिटांचा आहे. "सगळा वाचून दाखवला, प्रश्न विचारले, त्यांनी उत्तरं पण दिली, आता काय करू?" त्याच्या मागनं भूगोलवाली, तिचा पण संपलेला. तिच्या मागनं गणितवाला, त्याचा संपला नव्हता पण सातवीतल्या एका पोरानं त्याचं उदाहरण चुकलंय म्हणून दाखवलं होतं आणि तो परत आत जायला तयार नव्हता. सगळ्या वर्गांतनं एकच कल्लोळ. खरे शिक्षक स्टाफरूममध्ये दार लावून भजी खात होते, वास येत होता. मी सगळ्यांना म्हणलं, राधाकृष्णन यांची माहिती सांगा. झालं, प्रत्येक वर्गातनं एकाच वेळी जन्म 5 सप्टेंबर 1888, तिरुत्तणी, 1962 ला राष्ट्रपती असं ऐकू यायला लागलं. तेवढीच शांतता.

खरा प्रकार झाला तो खिचडीचा. पाचवी ते आठवीला पोषण आहार होता आणि पोरांना वाढायच्या आधी कुणीतरी मोठ्यानं चव घ्यायची, रजिस्टरला नोंद करून सही ठोकायची असा नियम. तो बरोबरच आहे, त्यात गंमत नाही. पण त्या दिवशी भाऊसाहेब फोनवर होते, त्यांनी न बघताच रजिस्टर माझ्याकडं सरकवलं. मावशींनी वाटीत खिचडी आणली. मी खाल्ली. चांगली दोन वाट्या खाल्ली, एका घासात नीट कळत नाही. रकाना होता 'चव कशी आहे'. मी लिहिलं, "मीठ कमी". खाली सही.

आता मला सांगा, रकान्यात विचारलंय चव कशी आहे, आणि मीठ कमी होतं. मी आजही तेच म्हणेन.

फोन ठेवून भाऊसाहेबांनी रजिस्टर ओढलं आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. "अरे काय लिहिलंस हे? हे रजिस्टर सुरू झाल्यापासून यात 'उत्तम' सोडून दुसरा शब्द नाही!" मी मागची पानं चाळली, खरंच नव्हता. पावसाळ्यात उत्तम, परीक्षेत उत्तम, गॅस संपून अर्धा तांदूळ कच्चा राहिला होता तो दिवस मला पक्का आठवत होता, त्या दिवशीसुद्धा उत्तम. भाऊसाहेबांनी मला पुढचं सगळं ऐकवलं. विस्तार अधिकारी तपासणीला येणार, नेमकं हेच पान उघडणार, मग शाळेनं लेखी खुलासा द्यायचा, मग बचत गटाला नोटीस. एवढ्यात मावशींपर्यंत बातमी पोचली होती, त्या पळी हातात घेऊनच आल्या. "काय ओ हेडसर, मीठ कमी? घरी आई करती ती खाता का गपगुमान?" अख्ख्या दिवसात मला मनापासून हेडसर म्हणणाऱ्या त्या एकट्याच.

खाडाखोड चालत नाही, व्हाइटनर चालत नाही, पान फाडावं तर पानांना नंबर. भाऊसाहेब डोळे मिटून बसले. मामापण येऊन उभे राहिले, पालक बाकड्यावरनं आत डोकवायला लागले. मग भाऊसाहेबांनी माझंच पेन घेतलं आणि माझ्याच अक्षरात, अगदी माझ्यासारखा वेडावाकडा म काढत, "मीठ कमी" च्या पुढं शांतपणे लिहिलं, "जास्त नाही. उत्तम."

मीठ कमी जास्त नाही. उत्तम.

मी दोन मिनिटं त्या ओळीकडं बघत बसलो. मावशी समाधानानं गेल्या, मामांनी न मागता पाणी आणलं.

अडीचला हेडसर जनरेटर घेऊन आले, शर्टावर गुलाल. "काही अडचण?" मी भाऊसाहेबांकडं बघितलं, भाऊसाहेब पंख्याकडं. म्हणलं नाही सर, सगळं उत्तम. सरांनी सवयीनं रजिस्टर उघडलं, ओळ वाचली, परत वाचली, चष्म्यावरनं भाऊसाहेबांना म्हणाले, "हे बरंय. अधनंमधनं असं लिहीत जा, रोज नुसतं उत्तम बघून साहेबांना संशय येतो."